विम्याची मर्यादा संपली तरी भरपाई संपत नाही: मोटार अपघातातील उरलेले नुकसान कसे वसूल करावे

मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकच्या द्वारका चौकात किंवा सिन्नरकडे जाताना मोहदरी घाटात मोठा अपघात झाला की जखमीच्या किंवा मृताच्या घरच्यांना पहिल्या काही दिवसांतच एक वाक्य ऐकवले जाते: "विम्यात एवढेच बसते." हे वाक्य कधी समोरच्या गाडीच्या मालकाकडून येते, कधी तडजोड घडवून आणू पाहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून, आणि बहुतेक वेळा ते अर्धेच खरे असते. म्हणून उरलेली रक्कम कोणाकडून मागायची याचा विचार करण्याआधी, जी मर्यादा सांगितली जात आहे ती नेमकी कशाची, हे ठरवणे आवश्यक आहे.

अमेरिकेसारख्या देशात वाहनाच्या विम्यावर प्रत्येक जखमी व्यक्तीमागे एक कमाल रक्कम लिहिलेली असते आणि ती संपली की पुढचे सारे मालकाच्या खिशावर येते. तिकडचे व्हिडिओ आणि लेख पाहून आपल्याकडेही तसेच असेल असा समज पसरतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 खालच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यात (म्हणजे गाडीचा मालक आणि विमा कंपनी यांच्याबाहेरच्या, नुकसान झालेल्या माणसासाठीच्या विम्यात) मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी अशी कमाल रक्कम नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने 80 लाख रुपये मंजूर केले आणि गाडीचा विमा वैध असला, तर विमा कंपनीला 80 लाख आणि त्यावरील व्याज भरावे लागते. मालकाने वर्षाचा हप्ता किती भरला होता, याचा त्या रकमेशी संबंध नसतो.

मर्यादा खरोखर कोठे लागते

पहिली मर्यादा मालमत्तेच्या नुकसानीला आहे. समोरच्या गाडीने तुमची मोटार, दुकानाची शटर, द्राक्षबागेचे कुंपण किंवा टेम्पोतला माल उद्ध्वस्त केला, तर चारचाकी व व्यापारी वाहनाच्या प्रचलित पॉलिसीत तृतीय पक्षाच्या मालमत्तेसाठी 7 लाख 50 हजार आणि दुचाकीच्या पॉलिसीत 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. काही मालक हप्ता थोडा कमी करण्यासाठी हे संरक्षण 6,000 रुपयांवर आणून ठेवतात. पॉलिसीच्या वेळापत्रकात, जेथे लागू असलेल्या पुरवण्यांचे क्रमांक एका ओळीत छापलेले असतात, तेथे 'आयएमटी 20' दिसले तर असे झाले आहे असे समजावे. ही ओळ इतक्या बारीक अक्षरांत असते की ती न वाचताच लोक दावा दाखल करतात, आणि 4 लाखांच्या मागणीला 6,000 रुपयांचे उत्तर आले की मग धावपळ सुरू होते.

दुसरी अडचण गाडीत बसलेल्यांची. खासगी मोटारीचा विमा केवळ तृतीय पक्षाचा असेल, तर त्या मोटारीतून विनामोबदला प्रवास करणारे नातेवाईक किंवा मित्र त्या पॉलिसीच्या बाहेर राहतात. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर ते आत येतात. मालवाहू वाहनाबाबत नियम आणखी कडक आहे. स्वतःच्या कांद्याबरोबर पिकअपमध्ये बसून लासलगावला निघालेला शेतकरी मालाचा मालक म्हणून संरक्षित असतो, पण द्राक्षाच्या छाटणीसाठी त्याच पिकअपच्या मागच्या भागात उभे राहून निघालेल्या मजुरांना विमा कंपनी जबाबदार नसते. आपल्या जिल्ह्यात पेठ आणि सुरगाण्याकडून बागांकडे मजुरांची ने-आण नेमकी अशीच होते, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

तिसरी बाब स्वतः मालक-चालकाची. आपल्याच चुकीने गाडी दुभाजकावर आदळली, तर मालक हा तृतीय पक्ष ठरत नाही. त्याला मिळते ते वैयक्तिक अपघात संरक्षण, आणि त्याची रक्कम 15 लाख रुपये आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला पॉलिसीत जाहीर केलेल्या मूल्याची, म्हणजे आयडीव्हीची, मर्यादा असते.

याखेरीज विमाच नसणे, त्याची मुदत संपलेली असणे किंवा चालकाकडे वैध परवाना नसणे, ही कारणे आहेतच. परवान्याच्या कारणाने मात्र लगेच हताश होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वानुसार, अशा त्रुटीच्या प्रकरणांत कंपनीने आधी तृतीय पक्षाला पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. न्यायालयातील मंडळी याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. आपल्या अर्जात या पर्यायाची मागणी स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी.

आधी नुकसानीचा आकडा

विम्याबाहेरच्या माणसाकडे वळण्यापूर्वी आपले नुकसान पुराव्यासह किती ठरते हे काढले पाहिजे, कारण 'विम्यापेक्षा जास्त' म्हणण्याला त्याशिवाय अर्थ राहत नाही. मृत्यूच्या दाव्याचे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या दोन निकालांनी बरेचसे ठरवून दिले आहे. अंबडमध्ये फॅब्रिकेशनचे छोटे युनिट चालवणाऱ्या, 38 वर्षांच्या, वर्षाला 4 लाख 80 हजार रुपयांचे विवरणपत्र भरणाऱ्या माणसाचा मृत्यू झाला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई राहिली, असे धरू. स्वयंरोजगारी आणि 40 वर्षांखालील असल्यामुळे भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवले की वार्षिक उत्पन्न 6 लाख 72 हजार होते. अवलंबून असणारे चार असल्याने मृताच्या स्वतःवरच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर 5 लाख 4 हजार उरतात. 36 ते 40 वयोगटाचा गुणक 15 आहे, म्हणजे 75 लाख 60 हजार रुपये. त्यात सहवासाचे नुकसान, अंत्यविधी आणि मृताच्या मागे राहणाऱ्या संपत्तीचे (इस्टेटचे) नुकसान या ठरावीक रकमा मिळवायच्या. 2017 मध्ये त्या अनुक्रमे 40 हजार, 15 हजार व 15 हजार होत्या आणि दर तीन वर्षांनी त्यांत 10 टक्के वाढ धरायची आहे. दोन वाढी धरून, चौघांना सहवासाचे प्रत्येकी 48,400 आणि इतर दोन बाबींचे 36,300 मिळून एकूण आकडा 77 लाख 89 हजार 900 रुपयांवर जातो. ज्या कुटुंबाला हे गणित माहीत नसते, त्याला 10 लाखांची तडजोड उदार वाटते.

शेतकऱ्याच्या बाबतीत एक अडचण आवर्जून सांगितली पाहिजे. निफाड किंवा दिंडोरीतील बागायतदार गेला तर जमीन कुटुंबाकडेच राहते, म्हणून बागेचे संपूर्ण उत्पन्न बुडाले असे न्यायालय मानत नाही. त्याची देखरेख, कौशल्य आणि श्रम यांची किंमत तेवढी धरली जाते. ती किंमत दाखवायला 7/12 उतारा पुरत नाही. फवारणीच्या नोंदवह्या, निर्यातदार किंवा व्यापाऱ्याकडील पावत्या, पीककर्जाचे खाते, त्याच्या मागे बाग सांभाळायला ठेवलेल्या माणसाला दरमहा दिलेला पगार आणि मृत्यूच्या आधीच्या व नंतरच्या हंगामांतील उत्पन्नाची तुलना, असे कागद जोडले तर आकड्यात मोठा फरक पडतो. पगार रोखीने न देता बँकेतून द्यावा, एवढी काळजी घेतली तरी हा पुरावा आपोआप तयार होतो.

इजेच्या दाव्यात अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा रुग्णालयातून मिळालेल्या प्रमाणपत्रावर 30 टक्के लिहिलेले असले, तरी पाय निकामी झालेल्या ट्रकचालकाची कमाई पूर्ण थांबू शकते. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने हेच तपासायला सांगितले आहे, आणि त्यासाठी डॉक्टरची साक्ष शक्यतो टाळू नये. औषधांची मूळ बिले, फिजिओथेरपी, भविष्यातील शस्त्रक्रियेचा लेखी अंदाज, घरी सांभाळायला थांबलेल्या माणसाचे बुडालेले उत्पन्न, रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च, ही सर्व यादी अर्जातच असावी. अर्जात कमी रक्कम मागितली गेली तरी पुराव्यानुसार त्याहून अधिक भरपाई देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हे 2002 मध्येच स्पष्ट झाले आहे. तरी सुरुवातीलाच मागणी नीट लिहिलेली बरी.

कोणाकोणाला प्रतिवादी करावे

विमा अपुरा पडणार असे दिसत असेल, तर यशाचा मोठा भाग अर्जातील प्रतिवादींच्या यादीवर अवलंबून असतो. चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी ही नेहमीची नावे. त्यापुढे पाहावे. अपघातात दोन वाहनांची चूक असेल, तर जखमीला दोघांपैकी कोणाकडूनही संपूर्ण रक्कम मागता येते आणि त्यांनी आपापसांतला वाटा नंतर मिटवायचा असतो. खेन्येई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हा नियम स्पष्ट केला. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. वर सांगितलेल्या पिकअपला एखाद्या बसने धडक दिली आणि चूक दोघांची असली, तर मागे उभे असलेल्या मजुरांना पिकअपच्या विम्यातून काही मिळाले नाही तरी बसच्या विमा कंपनीकडून पूर्ण भरपाई मागता येते, कारण बसच्या दृष्टीने ते तृतीय पक्षच आहेत. म्हणून पोलिसांनी एकाच चालकावर गुन्हा नोंदवला असला, तरी घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा स्वतः वाचून दुसऱ्या वाहनाची चूक दिसते का ते पाहावे.

गाडी विकलेली असून आरटीओत नाव बदललेले नसेल, तर नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून जबाबदार धरला जातो, असा 2018 चा निकाल आहे. "मी ती केव्हाच विकली" हे उत्तर पुरेसे नाही. चालक एखाद्या कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या कामावर असताना अपघात झाला असेल, तर तो धंदा चालवणाऱ्या मालकाला यादीत घ्यावे, कारण चालकाच्या नावावर काही नसले तरी त्याच्याकडे वसुलीजोगे असते. मृत किंवा जखमी व्यक्ती स्वतः कामावर असताना अपघात झाला असेल, तर कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 आणि मोटार वाहन अधिनियम यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. रक्कम बहुधा दुसऱ्या मार्गाने अधिक येते, पण वैध विमा नसलेल्या गाडीच्या प्रकरणात पहिला विचारात घ्यावा.

रस्त्याचा दोष असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिलेल्या आदेशाचा उपयोग होतो. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि इजा झाल्यास 50 हजार ते 2 लाख 50 हजार रुपये द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. पावसाळ्यात नाशिकच्या रस्त्यांवरून दुचाकी चालवणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खड्ड्याचे फोटो त्याच दिवशी, आजूबाजूची ओळखता येणारी खूण दिसेल असे काढावेत, कारण खड्डा बुजवला गेला की पुरावाही बुजतो.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा छडा लागलाच नाही, तर तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे अर्ज करून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर इजेसाठी 50 हजार रुपये मिळतात. ही रक्कम थोडी आहे, पण पुढे वाहन सापडले तर नियमित दावा करता येतो आणि ही रक्कम त्यातून परत द्यावी लागते.

आपल्याच पॉलिसींचा उपयोग

उरलेली तूट भरून काढण्याचा सर्वांत जलद मार्ग बहुधा आपल्याच कपाटात असतो. आयुर्विमा, बँक खात्याबरोबर किंवा डेबिट कार्डाबरोबर येणारा अपघात विमा, नोकरीतील समूह विमा, गृहकर्जाला जोडलेला विमा, हे सर्व कागद एकत्र काढावेत. डेबिट कार्डावरील विम्याची कळवण्याची मुदत थोडी असते, म्हणून बँकेला लेखी कळवण्यात दिरंगाई करू नये. आयुर्विम्याची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा होत नाही. मेडिक्लेमबद्दल बरीच वर्षे मतभेद होते, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2025 मध्ये, मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असे ठरवले. त्यामुळे मेडिक्लेम वापरला म्हणून बिले दाव्यातून गाळू नयेत. त्यांच्या प्रती रुग्णालयाकडून प्रमाणित करून ठेवाव्यात. सुरुवातीच्या उपचारांसाठी केंद्राच्या मे 2025 च्या योजनेनुसार सात दिवसांपर्यंत 1 लाख 50 हजार रुपयांची रोकडरहित सोय आहे, तिचीही रुग्णालयात मागणी करावी.

गाडीच्या नुकसानीत आपल्या कंपनीने आयडीव्हीपर्यंत पैसे दिले, तर तेच पैसे पुन्हा समोरच्याकडून मागता येत नाहीत. घसाऱ्यापोटी कापलेली रक्कम, सक्तीची वजावट आणि गाडी गॅरेजमध्ये असताना बुडालेला धंदा ही तूट मात्र मागता येते. आपल्या कंपनीच्या व्हाउचरवर 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेले असेल, तर 'फक्त या पॉलिसीपुरते' अशी नोंद स्वतःच्या हाताने करून मगच सही करावी.

अर्ज आणि मुदत

दावा अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे करता येतो. समृद्धी महामार्गावर दुसऱ्या जिल्ह्यात अपघात झाला असला तरी नाशिकच्या रहिवाशाला नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 खालील अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

येथे सर्वांत महाग पडणारी चूक होते. कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर इजेसाठी 2 लाख 50 हजार रुपये मिळतात, आणि विमा कंपनी ही रक्कम लवकर देऊ करते. कलम 149 च्या पद्धतीने ती स्वीकारली की कलम 166 खालचा अर्ज संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने 5 लाखांवर सही केली, तर त्याने 72 लाखांहून अधिक रकमेवर पाणी सोडले. चूक सिद्ध होणे खरोखरच अवघड असेल, किंवा ती आपल्याच माणसाची असेल, तेव्हाच हा मार्ग घ्यावा.

महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. वकिलाची फी मंजूर रकमेच्या टक्केवारीत ठरवू नये. वकिलांच्या नियमांनाही ते मान्य नाही.

मालकाकडून प्रत्यक्ष वसुली

गाडी विनाविमा असेल तर वसुलीची तयारी निकालानंतर नव्हे, अपघाताच्या आठवड्यातच सुरू करावी. पोलिसांनी जप्त केलेली गाडी मालक न्यायदंडाधिकाऱ्यांकडून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे गरज पडल्यास परत हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून नेतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना असे नियम करण्याचे निर्देश दिले आहेत की विनाविमा गाडी पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडू नये. म्हणून त्या अर्जाला आपल्या वकिलामार्फत लेखी हरकत घ्यावी आणि हमीची मागणी करावी. गाडी एकदा सुटून विकली गेली की तिच्यामागे फिरण्यात वर्षे जातात.

त्याच काळात मालकाच्या मालमत्तेची माहिती गोळा करावी. महाभूलेखवर त्याच्या गावाचा 7/12 आणि 8-अ उतारा पाहता येतो, शहरातील मिळकतीसाठी मालमत्ता पत्रक असते, आणि परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून त्या गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हे कळते. अपघातानंतर लगेच जमीन भावाच्या किंवा मुलाच्या नावावर फिरवली गेल्याचे फेरफारात दिसले, तर त्या फेरफाराची प्रत जपून ठेवावी, कारण धनकोंना चुकवण्यासाठी केलेले असे हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 53 नुसार रद्द करून मागता येते. मालक मिळकत विकण्याच्या बेतात आहे असे दाखवता आले, तर निकालापूर्वीच जप्तीसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा.

निकाल झाल्यावर मोटार वाहन अधिनियमाचे कलम 174 उपयोगी पडते. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. दाखला जिल्हाधिकारी कार्यालयातून संबंधित तहसीलदाराकडे जातो आणि तेथे तो पडून राहू शकतो. म्हणून त्यासोबत मालकाच्या गट क्रमांकांची यादी जोडून द्यावी आणि आवक क्रमांक घेऊन पाठपुरावा करावा. शेतकऱ्याचे राहते घर, उपजीविकेची अवजारे आणि भविष्य निर्वाह निधी यांवर दिवाणी जप्ती येत नाही. नोकरदाराच्या पगारातील पहिले 1,000 रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात, म्हणजे साधारण एक तृतीयांशापर्यंत पगार जप्त होऊ शकतो.

निकाल अमान्य असल्यास 90 दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. समोरच्याला अपील करायचे असेल तर त्याला 25 हजार किंवा मंजूर रकमेच्या निम्मी, यांपैकी कमी असेल ती रक्कम आधी भरावी लागते.

मालक हप्त्यांनी पैसे द्यायला तयार असेल, तर तोंडी शब्दावर किंवा केवळ स्टॅम्प पेपरवर व्यवहार करू नये. तडजोड न्यायाधिकरणापुढे किंवा लोक अदालतीत नोंदवून घ्यावी, प्रत्येक हप्त्याची तारीख लिहावी आणि एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम व्याजासह एकदम देय होईल, हे वाक्य त्यात घालावे. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे रक्कम मान्य करण्याआधी वरचे गणित कागदावर मांडून पाहावे. आणि पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत मालकाच्या मिळकतीवरील जप्तीचा अर्ज मागे घेऊ नये.